दोन रात्रींची पाहुणी

मैत्रिणींनो, लग्न झालेल्या बाईला पाहुणी म्हणून राहायला कुठे मिळतं, याचा कधी हिशेब मांडला आहे का? सासरी तर प्रश्नच नाही. माहेरी गेलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीच्या हातातलं लाटणं आपण होऊन घेतो. नाही घेतलं तर आपल्यालाच चैन पडत नाही. लग्नकार्याला गेलं, की रुखवत मांडायला आणि हळदीकुंकवाला उभं राहायला आपणच. सहलीला निघालं, तरी पहाटे उठून पुऱ्या तळायच्या, मुलांचे स्वेटर मोजायचे, आणि मुक्कामावर पोचल्यावर "अगं, माझा टॉवेल कुठाय?" याला उत्तर द्यायचं. चार दिवसांत आठ ठिकाणं 'करून' परत आलं, की पुढचा आठवडा धुण्याचा ढीग उपसण्यात जातो. याला सुट्टी म्हणायचं, तर मग काम कशाला म्हणायचं?

म्हणून आज जरा निराळ्या सहलीबद्दल लिहिते. एकच जुनं शहर निवडायचं. दोन रात्री, फार तर तीन. आणि उतरायचं ते स्टेशनसमोरच्या चारमजली हॉटेलात नाही, तर गावातल्या एखाद्या जुन्या वाड्यात, जिथे पाच-सात खोल्या पाहुण्यांसाठी काढलेल्या असतात. जयपूर-उदयपूरकडे अशी घरं आहेत, पणजीला फोंतेन्हासच्या गल्ल्यांतही आहेत. पण पहिल्यांदाच जाणार असाल, तर मी म्हणेन अहमदाबादला जा.

"अहमदाबाद? तिथे काय पाहायचं, गिरण्या?" असं घरातले म्हणतीलच. त्यांना सांगा, की १४११ साली अहमदशहाने वसवलेलं हे शहर २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि भारतातलं असा मान मिळालेलं ते पहिलं शहर. दुसरं कारण अगदी आपल्या सोयीचं. मुंबईहून दिवसाच्या वेगवान गाडीने सहा तासांच्या आतबाहेर पोचता येतं, किंवा रात्री बसलं की सकाळी हजर. मोठं स्टेशन जुन्या शहराला अगदी लागून आहे, रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांत मुक्कामी. मात्र तिकीट काढताना गाडी अहमदाबाद स्टेशनला जाते की साबरमतीला, ते नीट वाचा. ही दोन वेगळी स्टेशनं आहेत.

जुनं अहमदाबाद पोळांनी बनलेलं आहे. आपल्याकडे पोळ म्हणजे मोकाट सोडलेला वळू, तिकडे पोळ म्हणजे वाड्यांची बंदिस्त गल्ली. तोंडाशी मोठा दरवाजा, रात्री तो लावून घ्यायचा, आत एकाच जातीची किंवा एकाच धंद्याची बिऱ्हाडं. मध्ये देऊळ किंवा देरासर, आणि चौकात खांबावर उभारलेला नक्षीदार चबुतरो. हा पाखरांसाठी! शहर बांधताना झाडं गेली म्हणून पाखरांच्या दाण्यापाण्याची सोय केली, असं तिथली माणसं सांगतात. गल्लीतून वाट कधी कुणाच्या घराच्या पोटातून जाते, तर कधी समोर भिंत आली असं वाटतं आणि कोपऱ्यात बोळ उघडतो. पहिल्या दिवशी चुकायला होतं. चुकलात तरी घाबरायचं नाही. ओट्यावर धान्य निवडत बसलेली एखादी बाई बोट दाखवून वाटेला लावते.

आता घर. पोळीतलं घर बाहेरून अरुंद दिसतं, पण आत लांबच लांब जातं. आधी ओटलो, म्हणजे ओटा. मग खडकी, म्हणजे आपली देवडी म्हणा. मग उघडा चौक, त्यापलीकडे परसाळ म्हणजे पडवी, आणि शेवटी ओरडो, माजघरासारखी काळोखी खोली. स्वयंपाकघर चौकाच्या कडेला, धूर वर निघून जावा म्हणून. पाण्याची भांडी ठेवायची जागा तिथेच जवळ, तिला पाणियारुं म्हणतात. चौकातून गरम हवा वर जाते आणि घर थंड राहतं. भिंतींत सागवानी तुळया घातलेल्या असतात, खांबांवर आणि तीरांवर कोरीव काम. वास्तुशास्त्राचा अभ्यास नसला तरी बिघडत नाही. ज्या बाईने घर चालवलं आहे, तिला अशा घराचा अर्थ पाच मिनिटांत कळतो. कुठे बसून डाळ निवडत असतील, सासऱ्यांचा खोकला ऐकू आला की सुना कुठल्या दाराने आत सटकत असतील, सगळं डोळ्यांसमोर येतं.

पण मला सगळ्यांत नवल वाटलं ते टाक्याचं. चौकाच्या फरशीखाली आख्खी खोली असावी एवढं टाकं, वर फक्त कळशी जाईल एवढं झाकण. पावसाळ्यात छपरावरचं पाणी नळाने थेट टाक्यात. पहिल्या सरी सोडून द्यायच्या, छप्पर धुऊन निघालं की मग पाणी आत घ्यायचं. आत उजेड नाही, म्हणून शेवाळ नाही, आणि हे पाणी पुढे महिनोन्‌महिने पिण्याला पुरवायचं. आमच्या सोसायटीत पावसाचं पाणी साठवायचं म्हणून तीन सभा झाल्या, अजून चौथी व्हायची आहे!

अशा घरात राहण्याचा अर्थ तुमच्या लक्षात आला असेल. हॉटेलात तुम्ही खोली नंबर दोनशे चार असता. इथे तुम्ही कुणाच्या तरी घरी आलेल्या असता, आणि तरीही पैसे मोजलेले असल्यामुळे कुणाच्या ओशाळ्या नसता. हा फरक मोठा आहे बरं का. आम्ही तिघी गेलो होतो, मी, माझी धाकटी जाऊ आणि शेजारच्या वहिनी. पहिल्या सकाळी नाश्ता झाल्यावर तिघीही सवयीने ताटल्या उचलून उभ्या राहिलो. घरच्या बाईंनी हातातून ताटल्या काढून घेतल्या आणि म्हणाल्या, "बेन, तमे बेसो ने!" तुम्ही बसा ना. जाऊबाई नंतर बराच वेळ गप्प होती. तिच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली आहेत, आणि 'तू बस' हे वाक्य तिला गेल्या कित्येक वर्षांत कुणी म्हटलेलं नव्हतं.

तेव्हा पहिली अट हीच. बसायला शिका. मागे घरी सात दिवसांच्या भाज्या चिरून, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून जाऊ नका. दोन दिवस वरण-भाताचा कुकर कुणालाही लावता येतो, आणि नाही आला तर कोपऱ्यावर पोळीभाजी केंद्र आहेच. यजमानांबरोबर जा, जरूर जा; पण तेव्हाही बॅगा दोन करा आणि त्यांचा टॉवेल त्यांच्या बॅगेत त्यांनाच भरू द्या. मैत्रिणी मिळून जाणार असाल, तर भिशीच्या एका पाळीचे पैसे यासाठी बाजूला काढता येतील. अशा वाड्यात भाडं बहुधा खोलीचं असतं, माणशी नाही, त्यामुळे दोघी-तिघींना खर्च वाटून जातो.

घर निवडताना फोनवर काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. फोटो सगळेच सुंदर असतात, म्हणून त्यांवर जाऊ नका. या घरांचे जिने लाकडी, अरुंद आणि चांगलेच उभे असतात. काही ठिकाणी धरायला वरून दोर सोडलेला असतो. गुडघे दुखत असतील किंवा सासूबाई बरोबर असतील, तर तळमजल्याची खोली आहे का ते आधी विचारा, आणि नसेल तर ते घर सोडून द्या, कितीही देखणं असो. न्हाणीघर खोलीला जोडून आहे का, की चौक ओलांडून जायचं? रात्री दरवाजा किती वाजता लावतात? नाश्ता भाड्यात धरलेला आहे का, आणि रात्रीचं जेवण आधी सांगावं लागतं का? गाडी पहाटे पोचणार असेल तर हे आणखी महत्त्वाचं, की खोली दुपारी मिळणार असली तरी तोंड धुऊन बॅग ठेवायला सकाळी येऊ देतील का. जे ठरेल ते मोबाइलवर लिहून मागवा, आगाऊ रक्कम किती दिली तेही. ओळखपत्र प्रत्येकीचं बरोबर लागतं, एकट्या यजमानांचं चालत नाही.

सामान थोडं न्या. रिक्षा पोळीच्या तोंडाशी सोडते, पुढे चालत जायचं. चाकांची मोठी बॅग त्या दगडी गल्लीत ओढत नेताना गाईला वाट द्यावी लागली, की मग कळतं! खांद्याला अडकवायची एक पिशवी, चार सुती कपडे, सपाट चपला, बॅटरी. आवाजाबद्दलही सांगून ठेवते. पहाटे देवळातली घंटा, मग पारवे, मग स्कूटरचे हॉर्न. गच्चीवर वानरं येतात, तेव्हा धुतलेल्या साड्या तिथे वाळत घालून विसरू नका. ज्यांना झोपेला पूर्ण शांतता लागते, त्यांनी दुसरी सोय पाहावी.

थाटच हवा असेल, तर सिदी सय्यद मशिदीसमोर गिरणीमालक मंगळदास गिरधरदास यांची १९२४ साली बांधलेली हवेली आहे, तिचं आता हॉटेल झालं आहे. तिच्या गच्चीवरच्या गुजराती जेवणाचं नाव आहे. पण खिशाचा आणि घरगुतीपणाचा विचार केला तर मी पोळीतलं लहान घरच सुचवेन. गच्चीवरची थाळी एका रात्री जाऊन जेवता येते की.

हिवाळा उत्तम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे मध्ये तिथला उन्हाळा सोसवण्यासारखा नाही. संक्रांतीला मात्र विचार करून जा: उत्तरायणाला आख्खं शहर पतंगांसाठी गच्चीवर असतं, पोळीतल्या गच्च्या भाड्याने जातात आणि खोल्यांचे भाव चढतात. एकदा पाहण्यासारखं आहे, पण त्यात विश्रांती नाही.

पहिल्या सकाळी महानगरपालिकेची वारसा फेरी करावी. १९९७ साली सुरू झालेली ही फेरी सकाळी आठच्या सुमाराला काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघते आणि दोन-अडीच तासांत पोळांतून चालवत जामा मशिदीपाशी आणून सोडते. मंदिर १८२२ सालचं, त्या संप्रदायाचं पहिलं. लाकडी कोरीव हवेली पाहून घ्या. जामा मशीद १४२४ साली पुरी झाली, आत २६० खांबांचं दालन आहे. त्यात एका बाजूला वरच्या अंगाला जाळ्यांआड स्त्रियांसाठी बसायची जागा केलेली दिसते. आपण आपोआप मान वर करून तिकडेच पाहतो, नाही का? फेरीच्या आधी नाश्ता करू नका, कारण नंतर गरम फाफडे आणि जिलबी खायची आहे. बरोबर कच्च्या पपईचा संभारो देतात. घरी करायला सोपा आहे: पपई किसून घ्यायची, मोहरी-हिंग-हळदीच्या फोडणीत हिरवी मिरची टाकून किस दोन मिनिटं नुसता परतायचा, मीठ आणि चिमूटभर साखर. झाकण ठेवायचं नाही, किस करकरीत राहायला हवा.

दुपारी घरी येऊन झोपा. हो, झोपा! याचसाठी आलो आहोत. उरलेल्या मशिदी आणि विहिरी पळून जात नाहीत. दुसऱ्या दिवसासाठी एकच लांबचा बेत ठेवा. अडालजची विहीर घ्या, १४९९ सालची, राणी रुडाबाईच्या नावाने ओळखली जाणारी, पायऱ्यांनी पाच मजले खाली उतरणारी. नाहीतर शाहीबागेतलं कॅलिको संग्रहालय. १९४९ साली सुरू झालेलं हे वस्त्रांचं संग्रहालय ज्या बाईला साडीची पारख आहे तिने चुकवू नये; पण तिथे आयत्या वेळी जाऊन प्रवेश मिळत नाही, आधी नाव नोंदवावं लागतं. भांड्यांची आवड असेल तर वासणा भागात विशालाच्या आवारात १९८१ साली सुरू झालेलं भांड्यांचं संग्रहालय आहे. हंडे, घंगाळी, डबे, अडकित्ते, अशी साडेचार हजारांवर भांडी. निघण्याआधी फोन करून वेळ विचारून घ्या. आपल्या आजीने मोडीत काढलेलं भांडं काचेआड पाहून जरा हळहळायला होतं.

संध्याकाळ माणेक चौकात. दिवसा सराफ बाजार, आणि दुकानं मिटली की त्याच रस्त्यावर मध्यरात्रीपर्यंत खाण्याच्या गाड्या. आमच्या वहिनींनी तिथे अननस घातलेलं सँडविच खाल्लं आणि पुन्हा कधी खाणार नाही असं जाहीर केलं. कुल्फी मात्र तिघींनी दोन-दोनदा घेतली.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी तुम्हाला मुद्दाम अहमदाबादला पाठवते आहे, ती सांगते. भद्र किल्ल्यासमोर तीन कमानींचा दरवाजा आहे, तीन दरवाजा. तिथे एका कोनाड्यात दिवा तेवत असतो. त्याची गोष्ट अशी सांगतात, की एका रात्री लक्ष्मी शहर सोडून निघाली. दरवाजावरच्या सिद्दीक कोतवालाने तिला, मी राजाची परवानगी घेऊन येईपर्यंत थांब, अशी विनंती केली; आणि ती थांबलेलीच राहावी म्हणून तो परत आलाच नाही, त्याने स्वतःचा जीव दिला. तेव्हापासून लक्ष्मी शहरातच आहे. दिवा रोज लावतं ते एक मुसलमान कुटुंब.

गोष्ट ऐकून पुढे जाऊ नका, कारण खरं पाहायचं आहे ते याच दरवाजावर. तिथे देवनागरीतला एक शिलालेख आहे. पेशवे आणि गायकवाड यांची सत्ता या शहरावर जवळजवळ साठ वर्षं होती, १७५८ पासून. त्या काळातल्या चिमणाजी रघुनाथ या मराठी सुभेदाराने १८१२ साली हा लेख लावला. त्याचा आशय असा: बापाच्या मालमत्तेत मुलीला बरोबरीचा वाटा बिनहरकत मिळावा, ही विश्वनाथाची आज्ञा आहे, जो मोडेल तो हिंदू असेल तर महादेवाला आणि मुसलमान असेल तर अल्लाला जाब देईल.

१८१२! आपल्या देशात हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क सर्वत्र मिळाला, तो २००५ सालच्या कायद्याच्या दुरुस्तीने. आणि कायदा झाला तरी आपल्यापैकी किती जणींनी भाऊबीजेच्या आसपास हक्कसोडपत्रावर सह्या केल्या आहेत, ते आपल्यालाच ठाऊक. कुणी राजीखुशीने केल्या असतील, कुणी माहेर तुटू नये म्हणून. मी त्या दरवाजाखाली फेरीवाल्यांच्या गर्दीत उभी होते आणि शेजारच्या वहिनी तो लेख बोट लावून अक्षर-अक्षर जुळवत होत्या. त्यांनी गेल्या वर्षीच सही केली आहे. बोलल्या काही नाहीत. पण परत मुक्कामी आल्यावर घरच्या बाईंना त्यांनी विचारलं, "हे घर कुणाच्या नावावर आहे?"

उत्तर ऐकण्यासारखं होतं. सासऱ्यांमागे घराचे नऊ वारस. कुणी परदेशी, कुणी नदीपलीकडच्या फ्लॅटमध्ये. छप्पर गळत होतं आणि खर्चाचा वाटा उचलायला कुणी तयार नव्हतं. पोळीत कुलूप लागलेली, वाकलेली घरं तुम्हाला जागोजागी दिसतील, त्यांतल्या पुष्कळांची कथा हीच असते. या घरात नणंदा पुढे आल्या. वाटा सोडणार नाही, विकायलाही सांगणार नाही, तुम्ही घर उभं ठेवा आणि उत्पन्नातून आमचं आम्हाला द्या, असं त्यांनी लिहून घेतलं आणि लिहून दिलं. चार खोल्या पाहुण्यांसाठी दुरुस्त झाल्या, भाड्यातून छप्पर झालं. दिवाळीला नणंदा येतात त्या स्वतःच्या घरी म्हणून येतात. "पाहुणी नहीं," बाई हसत आपल्या गुजराती हिंदीत म्हणाल्या, "पाहुणी तो आप लोग।"

वहिनींनी पुढे काय केलं, ते त्यांचं त्या पाहतील. पण तुम्हाला तो लेख पाहायचा असेल तर सकाळी लवकर जा, दहानंतर दरवाजाखाली पाय ठेवायला जागा नसते. नेमका कुठे आहे ते तिथल्या जुन्या दुकानदाराला विचारा. दरवाजाच्या दुरुस्तीचं काम चालू असेल, तर दूरच उभ्या राहा. तिथून ढालगरवाड जवळ आहे. बांधणी आणि ठशांच्या छपाईचं कापड तिथे मीटरवर मिळतं. घासाघीस होते, पण आवाज न चढवता. खरी बांधणी उलगडून पाहिली की गाठींच्या जागी कापड बारीक टोचल्यासारखं उठलेलं दिसतं. सपाट असेल तर ती नुसती छपाई, आणि तिचा भाव छपाईचाच द्यायचा.

परतीची गाडी रात्रीची असेल तर खोली सकाळीच सोडावी लागते. पिशव्या खडकीत ठेवू देतील का, ते आदल्या रात्री विचारून ठेवा. आणि प्रवासासाठी थेपले बांधून मागा, दह्याचा डबा नको, गाडीत सांडतो. थेपले त्या करतील. तुम्ही तोवर ओट्यावर बसा.